नळी काढू नका

शस्त्रक्रियेनंतर माणूस दगावला तर शवविच्छेदन आहेच. छाती उघडली, पोट उघडलं की जे असेल ते डोळ्यांना दिसतं. मग मेलेल्या माणसाचा सीटी स्कॅन कशाला? न्यायवैद्यकातल्या माझ्या ज्येष्ठ स्नेह्यांकडून हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता उत्तर लिहूनच द्यावं म्हणते. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. शवागाराच्या त्या वासात, अपुऱ्या उजेडात, एकेका दिवसात चार-पाच देह तपासणारी ही माणसं. पण शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूपुरतं त्यांचं म्हणणं चूक आहे, आणि ते चूक का, हे मला आधी पुस्तकातून कळलेलं नाही.

मी भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तालुक्याच्या गावातलं एक खासगी रुग्णालय. तिशीतला एक शेतकरी आतड्याला पीळ पडून रात्री अकराला आला. दोन दिवस घरीच ओकत होता. हाताच्या शिरा सापडेनात म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत सुई घातली, भूल दिली, सर्जनने पीळ सोडवला. सगळं नीट पार पडलं. श्वासाची नळी काढल्यावर त्याने डोळे उघडले, बायको कुठे आहे म्हणून विचारलं. अर्ध्या तासाने त्याचे ओठ निळे पडायला लागले. मी धावत जाऊन पुन्हा नळी घातली, फुगा दाबत राहिले. छातीवर दाब देणं चाळीस मिनिटं चाललं. तो गेला.

त्या क्षणापासून माझ्या मनात तीन शक्यता होत्या. मानेत सुई घालताना फुफ्फुसाला टोचलं असेल आणि छातीत हवा साठत गेली असेल. किंवा त्याला उलटी होऊन ती श्वासनलिकेत उतरली असेल. तिसरी शक्यता मी कित्येक वर्षं कुणाजवळ उच्चारली नाही. मी घाईत घातलेली दुसरी नळी श्वासनलिकेत गेलीच नसेल, अन्ननलिकेत गेली असेल. सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ आज हे काही श्वासांतच सांगतो. आमच्याकडे तो नव्हता. मी स्टेथोस्कोप लावून ऐकलं होतं, दोन्ही बाजूंना आवाज आल्यासारखा वाटला होता. या वाटण्याचा भरवसा धरता येत नाही हे प्रत्येक भूलतज्ज्ञाला ठाऊक असतं.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. देह सरकारी रुग्णालयात जाण्याआधी, घरच्यांना तोंड नीट दिसावं म्हणून, कुणीतरी चांगल्या मनाने नळी ओढून काढली. मानेतली सुईही काढली. शवविच्छेदन दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. फुफ्फुसं जड आणि रक्ताने भरलेली, जठर फुगलेलं, आतड्याची शिवण शाबूत. मृत्यूचं कारण: हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे. व्हिसेरा राखून ठेवला. हृदय आणि श्वास बंद पडणं म्हणजे मरण. ते मरणाचं कारण नव्हे. गावाने आपलं कारण ठरवलं: भुलीचा डोस जास्त झाला. त्याच्या बायकोने मला दवाखान्याच्या पायरीवर गाठून एकच विचारलं, नक्की काय झालं? मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.

त्या शवविच्छेदनात कुचराई झाली असा माझा आरोप नाही, आणि माझ्या मित्रांशी माझा वाद इथेच सुरू होतो. नेमकं काम झालं असतं तरी त्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं सुरी लागण्याआधी, किंवा लागता लागता, पुसली गेलीच असती. छातीत साठलेली हवा छाती उघडताक्षणी खोलीतल्या हवेत मिसळते. ती शोधायची तर कातडी सोडवून तिचा खिसा करायचा, त्यात पाणी भरायचं आणि पाण्याखाली बरगड्यांमध्ये छेद घ्यायचा. बुडबुडे आले तर हवा होती. हृदयात हवा शिरली का हे पाहायलाही तेच, हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी भरून. ग्रंथांत हे सगळं दिलेलं आहे. आपल्या शवागारांत ते किती वेळा होतं, हे मित्रांनी छातीवर हात ठेवून सांगावं. शिवाय ही चाचणी एकदाच होते आणि ती करणाऱ्यालाच दिसते. बुडबुडे दप्तरी जमा करता येत नाहीत.

सीटी स्कॅनमध्ये हवा काळीभोर दिसते. छातीत असो, हृदयात असो, मेंदूच्या रक्तवाहिनीत असो, ती कुठे आहे आणि किती आहे हे देहाला हात न लावता कळतं. मेंदूची शस्त्रक्रिया रुग्णाला बसवून करतात तेव्हा उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाण्याची धास्ती असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरलेला असतो. मानेतल्या शिरेत नळी असणारे रुग्ण तर प्रत्येक अतिदक्षता विभागात असतात. आधुनिक शस्त्रक्रियेत हवेने माणूस मरण्याच्या वाटा वाढल्या आहेत, आणि हवा हीच सुरीपुढे न टिकणारी गोष्ट आहे. यात स्कॅनलाही सावध राहावं लागतं. छाती दाबताना वायू रक्तवाहिन्यांत येऊ शकतो, देह कुजू लागला की यकृतात आणि हृदयात वायू तयार होतो. म्हणून स्कॅन पहिल्या काही तासांत हवा. आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच.

नळ्यांचंही तसंच. श्वासाची नळी, पोटातली नळी, मानेतली शिरेची नळी, पेसमेकरची तार, छातीतला ड्रेन, यातल्या प्रत्येकाचं टोक कुठे आहे हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूतला कळीचा प्रश्न असतो. ते जागेवर असताना काढलेला स्कॅन त्याचं चित्र देतो. हे उत्तर शंभर टक्के नसतं, कारण स्ट्रेचरवरून हलवताना नळी सरकू शकते. पण ओढून काढलेली नळी कचऱ्याच्या बादलीतून काय सांगणार? इतकी वर्षं आपण रुग्णाचं तोंड नीट दिसावं म्हणून पहिला पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करत आलो. पुढे मी जिथे काम केलं तिथल्या परिचारिकांना हेच शिकवत राहिले: नळी काढू नका. ओठांपाशी कापा, टोक बंद करा, वर चिकटपट्टी लावून लिहा. तोंडावरून पांढरं कापड घातलं की घरच्यांचा निरोपही होतो.

रक्तस्रावाबद्दल विरोधकांना वाटतं की इथे तरी सुरीच श्रेष्ठ. पोटात दोन लिटर गोठलेलं रक्त सापडलं की कारण सापडलं. पण सर्जनचा, घरच्यांचा आणि न्यायालयाचा प्रश्न वेगळा असतो. रक्त कुठून आलं? टाका सुटला, क्लिप घसरली, की शस्त्रक्रियेशी संबंध नसलेली रक्तवाहिनी फुटली? मेल्यावर रक्ताला दाब उरत नाही. फाटलेल्या बारीक धमनीचं तोंड रक्ताच्या गुठळ्यांत, सुजलेल्या पडद्यांत शोधायचं, आणि शोधताना हातानेच एखादी नवीन फाटण्याची भीती. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या न्यायवैद्यकांनी यावर वाट काढली. जांघेतल्या रक्तवाहिन्यांत नळ्या घालून तेलयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं द्रव्य, पंपाने देहात फिरवायचं आणि टप्प्याटप्प्याने स्कॅन घ्यायचा. तेल वाहिनीच्या भिंतीतून सहज झिरपत नाही, म्हणून जिथे भोक असेल तिथूनच बाहेर येतं. त्याच गटाने ही पद्धत शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या रुग्णांवर मुद्दाम वापरली, आणि रक्तस्रावाचा उगम दाखवण्यात तिचा गुण दिसला. हे चित्र हाती असताना सुरी लावणाऱ्याला कुठे जायचं हे आधीच ठाऊक असतं.

आता विरोधकांच्या हातातलं मुख्य हत्यार. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मँचेस्टर आणि ऑक्सफर्डचा अभ्यास आला. १८२ प्रौढ मृत्यूंचे सीटी आणि एमआरआय काढून नंतर शवविच्छेदन केलं, आणि मृत्यूच्या कारणाबाबत सीटी व शवविच्छेदन यांच्यात ३२ टक्के प्रकरणांत मोठी तफावत निघाली. एमआरआयमध्ये ४३ टक्के. हे आकडे सांगितले की सभागृहात माना डोलतात. पण पुढचं कुणी वाचत नाही. तो अभ्यास शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंपुरता नव्हता. सीटी कॉन्ट्रास्टविना होता, म्हणून सुटलेल्या निदानांत हृदयविकार आणि फुफ्फुसात अडकलेल्या गुठळ्या ठळक होत्या. आणि जिथे रेडिओलॉजिस्टने स्वतःहून खात्री दिली की इथे शवविच्छेदनाची गरज नाही, तिथे सीटीची तफावत १६ टक्क्यांवर आली. म्हणजे यंत्राला आपली मर्यादा बऱ्याच अंशी ओळखता येते. नंतर लेस्टरच्या गटाने हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॉन्ट्रास्ट घालून काम केलं आणि ते २०१७ साली त्याच नियतकालिकात छापलं. विश्लेषणातल्या २१० प्रकरणांपैकी सुमारे ९२ टक्क्यांत स्कॅनने मृत्यूचं कारण दिलं. फुफ्फुसातल्या गुठळ्या शवविच्छेदनात जास्त सापडल्या. इजा आणि रक्तस्राव स्कॅनमध्ये जास्त सापडले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूत आपण सर्वांत आधी काय शोधत असतो, हे सर्जनला विचारा.

त्या तफावतीत आणखी एक गृहीतक दडलेलं आहे: शवविच्छेदन म्हणजे खरं, आणि स्कॅन त्यापासून किती ढळला ते मोजायचं. पण शवविच्छेदन तरी किती खरं? ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यूंची गोपनीय चौकशी करणारी एनसीईपीओडी ही संस्था आहे. तिचं मूळ काम १९८७ च्या अहवालापासून सुरू झालं, शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत झालेल्या मृत्यूंपासून. त्याच संस्थेने २००६ साली कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, आदेशावरून होणाऱ्या शवविच्छेदनांचे अहवाल तपासले. सुमारे चौथा भाग निकृष्ट किंवा अमान्य ठरवण्याजोगा निघाला. तो देश श्रीमंत, तिथे स्वतंत्र पॅथॉलॉजिस्ट. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांत ज्या एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यावर बाह्यरुग्ण विभाग, बाळंतपण आणि शवविच्छेदन असा सगळा भार असतो, त्याच्या अहवालाला सुवर्णप्रमाण मानून यंत्राला नापास करणं न्याय्य नाही.

आणि आता मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट. आपण देह जाळतो. दफन करणाऱ्या समाजात न्यायालयाने आदेश दिला तर कबर उघडून दुसरं शवविच्छेदन होऊ शकतं. आपल्या बहुसंख्य मृत्यूंत पहिल्या दिवशी एका माणसाने जे पाहिलं आणि लिहिलं तेच अखेरचं. त्याने हृदयाच्या डाव्या धमनीचा छेद घेतला नाही तर तो आता कधीच होणार नाही. वर्षभराने घरचे ग्राहक आयोगात गेले, सर्जनने आपला तज्ज्ञ आणला, तरी दोघेही त्याच दोन पानांवर वाद घालतात. फाइल जपली तर स्कॅन दहा वर्षांनीही तसाच राहतो. आज लोझानमध्ये, उद्या नागपुरात, कुणीही बसून तीच चित्रं नव्याने वाचू शकतं. दुसरं मत, तिसरं मत, न्यायालयाने नेमलेलं मत, सगळं शक्य होतं. अग्नी दिल्यानंतरही उलटतपासणी देऊ शकणारा हा साक्षीदार आहे. त्या शेतकऱ्याची चित्रं असती तर मी ती या वयातही पाहिली असती.

कायद्याची अडचण आहे असं सांगतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ ने घेतली. संशय असेल तर पोलिसांनी देह तपासणीसाठी सिव्हिल सर्जनकडे पाठवावा असं ते म्हणतं. शब्द तपासणीचा आहे. ती सुरीनेच करा असं तिथे लिहिलेलं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये मार्च २०२१ पासून स्कॅनवर आधारलेली शवपरीक्षा सुरू आहे. २०२२ मध्ये विनोदवीर राजू श्रीवास्तव यांच्या निधनानंतर ती केली गेली तेव्हा वृत्तपत्रांतून सामान्य माणसाला तिचं नाव पहिल्यांदा कळलं. परदेशाचं बोलायचं तर जपानने ऑक्टोबर २०१५ पासून रुग्णालयातल्या अनपेक्षित मृत्यूंची चौकशी कायद्याने बांधून दिली. त्या चौकशीत शवविच्छेदनाच्या जोडीने मृत्यूनंतरचं इमेजिंग हे मान्य साधन आहे, आणि चौकशीचा उद्देश दोषी शोधणं नसून पुढचा मृत्यू टाळणं आहे. तिथे शवविच्छेदनाचं प्रमाण फार कमी आणि सीटी यंत्रं भरपूर, म्हणून त्यांना हे आधी सुचलं. आपल्याकडे शवविच्छेदन पोलीस प्रकरणांपलीकडे जवळजवळ उरलेलं नाही, आणि सीटी यंत्रं आता जिल्हा रुग्णालयांत आहेत.

खर्चाचा आक्षेप मी हलका मानत नाही. जिवंत रुग्णांची रांग लागलेली असताना मेलेल्याला यंत्रावर कसा घेणार? रात्री घ्या. डोक्यापासून पायापर्यंतचा स्कॅन काही मिनिटांत होतो, रेडिएशनची काळजी नाही, श्वास रोखायला सांगायचं नाही. देह गळती न होणाऱ्या पिशवीत बंद असेल तर यंत्र घाण होत नाही. सगळ्यांचेच काढा असंही मी म्हणत नाही. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत, अपेक्षा नसताना झालेले मृत्यू घ्या. एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४२ लाख माणसं शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत मरतात. प्रत्येक देशाने त्यातल्या अनपेक्षित मृत्यूंचा तळ गाठायचा ठरवलं तर हा खर्च औषधाच्या खर्चासारखाच वाटेल.

माझ्या बाजूच्या लोकांशीही मला भांडायचं आहे. चीरफाडीशिवाय शवविच्छेदन, अशी जाहिरात करू नका. आधीच पोट फाडलेल्या आपल्या माणसाला आणखी कापू नका म्हणणाऱ्या बापाला स्कॅन हा दिलासा आहे खरा, आणि त्याच दिवशी दफन करायचं असलेल्या कुटुंबांना तर फारच. पण त्याला हेही सांगा की औषधाची ॲलर्जी स्कॅनमध्ये दिसत नाही. चुकून टोचलेलं इंजेक्शन दिसत नाही. पोटॅशियम वाढून हृदय थांबलं ते दिसत नाही. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग बहुतेक वेळा दिसत नाही. उलटी फुफ्फुसात उतरली की नाही हेही खात्रीने सांगता येत नाही, कारण मृत्यूनंतर रक्त पाठीकडच्या फुफ्फुसात उतरतं आणि ते न्यूमोनियासारखं भासतं. माझ्या तीन शक्यतांपैकी दुसरीला सुरी आणि सूक्ष्मदर्शकच लागला असता. ॲलर्जीसाठी रक्तातलं ट्रिप्टेझ तपासावं लागतं, वापरलेल्या सिरिंज आणि रिकाम्या बाटल्या जपून ठेवाव्या लागतात. जो फक्त स्कॅन दाखवून काही सापडलं नाही म्हणून प्रमाणपत्र देईल, तो घरच्यांना फसवेल आणि उद्या याच पद्धतीचा घात करेल.

हा स्कॅन कोण वाचणार, हेही आधीच ठरवायला हवं. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथला रेडिओलॉजिस्ट नको, आणि जिवंतांचेच स्कॅन आयुष्यभर पाहिलेला, मृतदेहातले बदल न शिकलेला कुणीही नको. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू निकालात डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी स्वतंत्र आणि जाणकार वैद्यकीय मत घ्यावं असं सांगितलं. हे मत कशाच्या आधारावर बनणार, याचा विचार आपण केलाच नाही. हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे या ओळीवर कोणतंही स्वतंत्र मत उभं राहत नाही.

मला ठाऊक आहे, माझे काही सहकारी मनातून घाबरतात. चित्र निघालं तर चूक निघेल. निघू दे. चूक नसताना आयुष्यभर चुकीचा संशय अंगावर घेऊन फिरणाऱ्या भूलतज्ज्ञांची संख्या चूक करणाऱ्यांहून कितीतरी जास्त आहे असं मला वाटतं. दवाखान्याची काच फुटते ती चूक सिद्ध झाल्यावर फुटत नाही. काय झालं ते कुणी सांगत नाही, तेव्हा फुटते. आणि माझी नळी खरोखर अन्ननलिकेत असती, तर त्या बाईला ते माझ्या तोंडून ऐकण्याचा हक्क होता.

म्हणून शवविच्छेदनाची बाजू मांडणाऱ्या मित्रांना माझी एक विनंती आहे, तीही त्यांच्याच पद्धतीने पारखण्याची. राज्यातलं एखादं वैद्यकीय महाविद्यालय निवडू. शस्त्रक्रियेनंतर अनपेक्षित दगावलेले पुढचे पन्नास रुग्ण घेऊ. नळ्या जागच्या जागी ठेवू, सहा तासांच्या आत स्कॅन काढू, बाहेरच्या रेडिओलॉजिस्टकडून वाचून घेऊन त्याचा अहवाल पाकिटात बंद करू. मग तुम्ही तुमचं शवविच्छेदन करा, जितका वेळ हवा तितका घ्या, छाती पाण्याखाली उघडा. तुमचा अहवाल सही होऊन आला की पाकीट फोडू आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवू. पन्नासही वेळा मी तिथे येऊन बसायला तयार आहे.